पेंढा कुजतो कोणासाठी?

उत्साही : दादा, भाताच्या दाण्यात जे ग्लुकोज आहे तेच पेंढ्यातही आहे. दाण्यात ग्लुकोजचे रेणू एकाच धाटणीनं जोडले गेले, त्याचं स्टार्च झालं. पेंढ्यात प्रत्येक पुढचा रेणू मागच्याच्या उलटा वळवून जोडला गेला, त्याचं सेल्युलोज झालं. एवढ्याशा फरकापायी भात आपल्या ताटात येतो आणि पेंढा गोठ्यात जातो. सेल्युलोजच्या साखळ्या सरळसोट असतात. त्या एकमेकींना चिकटून इतके घट्ट तंतू होतात की आत पाणीसुद्धा शिरत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी हिशेब केलाय, की साध्या तापमानाला नुसत्या पाण्यात ठेवलं तर यातले निम्मे जोड सुटायला ५० लाख वर्षांच्या आसपास लागतील. आणि डहाणूच्या कुठल्याही पाड्यावर उकिरड्यात टाकलेला पेंढा एका पावसाळ्यात काळा पडतो, चिमटीत धरला की कुस्करतो. हे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यातही जिवाणूची मला जास्त गंमत वाटते, कारण त्याला तोंडच नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जीव, भोवती भिंत. काडीचा तुकडा तो आत घेणार कसा? म्हणून तो पचनाची प्रथिनं, म्हणजे एन्झाइमं, अंगातून बाहेर सोडतो, पेंढा बाहेरच फोडतो आणि सुटलेली साखर तेवढी आत ओढतो. हे एकदा समजलं की भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा रचून पेटवलेला राब बघवत नाही. एप्रिल-मेमध्ये तलासरीपासून जव्हारपर्यंत जो धूर दिसतो, त्यात आपण त्यांचं वर्षाचं जेवण जाळत असतो.

शंकेखोर : ताई, जेवण त्यांचं असेल, पण जेवायला ते तेव्हा हजर कुठं असतात? एप्रिलमध्ये दुपारी वरकस जमिनीवर हात ठेवून बघा. पाणी नाही तिथं तुमचं एन्झाइम एक काडी हलवणार नाही. जिवाणूंचा हंगाम जून ते ऑक्टोबर, आणि रोपाला जोर लागतो तो जूनच्या पहिल्याच पंधरवड्यात, म्हणजे जिवाणूंनी नुकते कुठं डोळे उघडलेले असतात तेव्हा. शिवाय राब म्हणजे कचरा पेटवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो रचला जाताना बघितलेला नाही. ऐनाचा कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायचा, शेण, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वरून मातीचा पातळ थर टाकायचा आणि वारा ज्या बाजूला जातो त्या टोकानं पेटवायचं. मग आग धावत नाही, वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू धुमसत सरकते. त्या धगीत वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, माती मोकळी होते, राखेतलं पालाश आणि स्फुरद रोपाला लगेच लागू पडतं. तणाचं बी मारणारा जिवाणू तुमच्याकडं असेल तर आणा, मी राब सोडतो. हा वाद काही आजचा नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी मुंबई सरकारनं १८८५ साली वन आयोग नेमला, तेव्हाही राब हा भांडणाचा मोठा विषय होता. जंगलखातं म्हणे झाडं जातात, शेतकरी म्हणे रोप होत नाही. साहेबाला झाडं लाकडासाठी हवी होती, तुम्हाला पाला जिवाणूंसाठी हवाय. कवळ तोडणाऱ्याच्या कानावर दोन्ही वेळा एकच पडतं: कोयता खाली ठेव.

उत्साही : पाण्याचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मी ते तुमच्यावरच उलटवणार आहे. ऐन एप्रिलमध्येही ओल टिकून असते अशी एक जागा इथल्या बहुतेक घरांत आहे, ती म्हणजे जनावराचं पोट. गाई-म्हशीच्या पोटाचा पहिला कप्पा ही शंभर लिटरच्या आसपासची टाकी आहे. तापमान ३९ अंश, हवेला मज्जाव, वरून लाळेची धार चालूच. त्यातल्या एका मिलिलिटरमध्ये १००० कोटींच्या घरात जिवाणू. म्हैस स्वतः सेल्युलोज फोडणारं एकही एन्झाइम बनवत नाही. ती चघळते, रवंथ करते, काड्या बारीक करते, बस्स. फोडणारे वेगळेच. पशुपोषणाचे अभ्यासक हे काम प्रत्यक्ष मोजतात. जनावराच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून झाकणाचं भोक ठेवतात, त्यातून पेंढ्यानं भरलेली बारीक जाळीची नायलॉनची पिशवी दोरीला बांधून आत सोडतात, २४ किंवा ४८ तासांनी काढतात, धुतात, वाळवतात आणि तोलतात. पात्याचा मऊ भाग आधी गेलेला असतो, पेरं तशीच असतात. उकिरड्यावर जे पावसाळाभर चालतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास काम तिथं दोन दिवसांत उरकतं. म्हणजे जिवाणूंकडं वेग नाही असं नाही. त्यांना जागा नीट मिळत नाही.

शंकेखोर : पोट घरोघरी असेल, पण इथलं गवत गेलं कुणाच्या पोटात? या भागातून पैसा निघाला तो भातापेक्षा गवतातून आणि लाकडातून, आणि तो कापणाऱ्याच्या हाती कधी लागला नाही. माळावरचं गवत कापायचं, वखारीत दाबून गठ्ठे करायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना धाडायचं. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं वारली उठले. मे महिन्यात झरीच्या सभेत वेठबिगार मोडायचं ठरलं आणि पावसाळा सरताच जो संप झाला तो गवतकापणीच्या मजुरीवरच. मागणी काय, तर ५०० पौंड गवत कापायचे अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तेव्हा तुमच्या सेल्युलोजचा भाव इथं एकदा रक्तानं ठरलेला आहे. आता तुमच्या शास्त्राच्या अंगानं बघा. गवत गेलं मुंबईला, त्याचं दूध झालं मुंबईत, शेणही पडलं मुंबईत आणि पुष्कळसं नाल्यांतून वाहून गेलं. जिवाणूंनी काम चोख केलं, पण तिकडं केलं. इथल्या मुरमातून उचललेलं पालाश, स्फुरद परत आलं नाही. फुटणं झालं एका ठिकाणी आणि झीज सोसली दुसऱ्यानं.

उत्साही : म्हणूनच तर ते इथं, बांधावर व्हावं असं मी म्हणते. त्याला काही फार लागत नाही. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रानं गाईच्या शेणातून काढलेल्या सूक्ष्मजीवांची एक बाटली २० रुपयांना दिली. २०० लिटर पाणी, २ किलो गूळ, रोज काठीनं ढवळायचं, आठवड्याभरात पिंप तयार. सुभाष पाळेकरांच्या जीवामृताचं पिंपही २०० लिटरचंच: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. या पिंपात काय चालतं ते ऐका. जिवाणूच्या आत एन्झाइम तयार होतं तेव्हा त्याच्या एका टोकाला वीस-तीस अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो. तो तुकडा दिसला की पडद्यातलं दार उघडतं, एन्झाइम बाहेर सरकतं आणि तुकडा कापून मागं टाकला जातो. प्रथिनांच्या अंगावर अशा खुणा असतात हे दाखवल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ सालचं नोबेल मिळालं. ज्या जिवाणूंना दुहेरी पडदा असतो त्यांच्याकडं दुसऱ्या पडद्यातून ढकलायला आणखी एक यंत्रणा असते. एन्झाइम खरंच बाहेर पडलं का, हे साध्या डोळ्यांनी दिसतं. आगारच्या बशीत सेल्युलोज मिसळायचं, त्यावर शेणातले जिवाणू वाढवायचे आणि दोन दिवसांनी काँगो रेड हा लाल रंग ओतून धुवायचा. सगळी बशी लाल होते, पण काही ठिपक्यांभोवती पिवळट स्वच्छ कडं उमटतं. ठिपका मोहरीएवढा असतो आणि कडं रुपयाएवढं. जिवाणू जिथं पोचलाच नाही, तिथलं सेल्युलोजही त्यानं फोडलेलं असतं.

शंकेखोर : त्या कड्यावर माझे दोन आक्षेप आहेत. एक म्हणजे बशीत घालता ते सेल्युलोज पाण्यात विरघळणारं, प्रयोगासाठी सोपं करून घेतलेलं असतं. त्यावर कडं पाडणारे कितीतरी जिवाणू खऱ्या काडीपुढं हात टेकतात. काडीत सेल्युलोज एकटं नसतं. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोज, त्यावर लिग्निनचा लेप, आणि भाताच्या पेंढ्यात भरीला वाळूची सख्खी बहीण, सिलिका. लिग्निन खऱ्या अर्थानं उसवते ती बुरशी, जिवाणूंचा तिथं फारसा पाड लागत नाही. पुसाच्या संस्थेनं पेंढा कुजवायला ज्या कॅप्सूल काढल्या त्यातही बुरशीच आहे. दुसरा आक्षेप तुमच्या गुळावर. आयती साखर समोर असेल तर सेल्युलोज फोडायचं एन्झाइम जिवाणू बनवतच नाही, हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. एन्झाइम म्हणजे त्याच्या अंगचा खर्च आहे, तो उगाच कशाला करेल? मग २ किलो गूळ घालून तुम्ही त्याला काय सांगता? पेंढ्याची गरज नाही, बस आणि खा. पिंपाला फेस येतो, आंबूस वास येतो, माणूस खूश होतो. पेंढा आहे तिथंच आहे.

उत्साही : गूळ संख्या वाढवायला आहे, फोडायला नाही. तो चार-सहा दिवसांत संपतो, आणि पिंप पेंढ्यावर ओतलं जातं तेव्हा कोट्यवधी भुकेले जिवाणू काडीवर पडतात. भूक लागली की मग एन्झाइम सुटतं.

शंकेखोर : सुटत असेलही. पण एन्झाइम हे प्रथिन आहे आणि प्रथिनाला नत्र लागतं. पेंढ्यात नत्र किती, तर अर्धा-पाऊण टक्का. एका भाग नत्रामागं साठ-सत्तर भाग कार्बन. जिवाणूला अंग धरायला पंचवीस-तीसच्या आसपास बरं असतं. मग तूट तो कुठून भरून काढणार? मातीतून. ज्या मातीत तुम्ही आवण लावणार त्याच मातीतून. लावणीच्या तोंडावर चिखलात पेंढा गाडला की पंधरवड्यात भात पिवळं पडतं, ते यामुळं. जिवाणूनं बाहेर टाकलेलं प्रत्येक एन्झाइम म्हणजे रोपाच्या तोंडचा नत्राचा घास आहे. तो पुढं परत मिळतो म्हणाल, पण तेव्हा पीक पोटरीत आलेलं असतं. आणि पाणी भरलेल्या खाचरात हवा नसते, तिथं त्याच पेंढ्यावर मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव पोसले जातात. राबाचा धूर डोळ्यांना दिसतो, मिथेन दिसत नाही, एवढाच फरक.

(इथं मला मध्ये तोंड घालायला हवं. गुळाचा आणि नत्राचा मुद्दा बाटली विकणाऱ्या कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही, आणि या विषयातला खरा अवघड भाग तोच आहे. पण शंकेखोर गृहस्थ जिवाणूला एकटा धरून चालतात. शेणाच्या गोळ्यात तो कधीच एकटा नसतो. बाईंनी ते उत्तर द्यायला हवं होतं, आणि त्यांनी दिलंही, जरा वळसा घेऊन.)

उत्साही : नत्राचा हिशेब मला नाकारायचा नाही. पण तो हिशेब कोकणात आधीच कुणीतरी मांडलाय. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भातशेती काढून बघा. पहिलं सूत्र: तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात, तोही पहिल्या नांगरटीला, लावणीच्या बराच आधी. दुसरं सूत्र: गिरिपुष्पाचा हिरवा पाला. पहिल्या सूत्रात जिवाणूला कार्बन मिळाला, दुसऱ्यात नत्र. ज्या सिलिकेला तुम्ही अडचण म्हणालात ती पेंढ्यातून आणि राखेतून परत खाचरात येते आणि भाताचं खोड टणक करते. म्हणजे पेंढा काय, पाला काय, वेगवेगळे घेतले तर तुमचे सगळे आक्षेप लागू पडतात, एकत्र घेतले तर निम्मे गळतात. जिवाणूंचंही तसंच आहे. सेल्युलोज फोडायचं तर एक एन्झाइम साखळी मधूनच तोडतं, दुसरं सुट्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोलत जातं, तिसरं त्या जोड्यांचं साध्या साखरेत रूपांतर करतं. १९८३ साली लॅमेड आणि बेयर यांनी दाखवलं की क्लॉस्ट्रिडियम जातीच्या एका उष्णताप्रिय जिवाणूनं अशी अनेक एन्झाइमं एका लांब प्रथिनावर ओळीनं बसवलेली असतात आणि तो तो अख्खा सांगाडा आपल्याच अंगावर बाळगतो. मग कापणं, सोलणं शेजारी-शेजारी होतं आणि साखर दूर जात नाही. २०१०-११ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. तांब्याचा एक अणू बाळगणारी काही एन्झाइमं घट्ट तंतूला थेट ऑक्सिजनच्या जोरावर चीर पाडतात, आणि मग बाकीच्यांना आत शिरता येतं. एकट्या जिवाणूनं काडीपुढं हात टेकले म्हणून शेणातल्या साऱ्या बिऱ्हाडानं टेकले असं होत नाही.

शंकेखोर : बिऱ्हाड म्हणालात ते बरं केलंत, कारण त्या बिऱ्हाडात सगळे कमावते नाहीत. एन्झाइम बाहेर सोडलं की साखरही बाहेरच सुटते. हा भंडाराच आहे. लाकडं एकानं आणली, चूल त्यानंच फुंकली आणि पंगतीला मात्र गाव. एन्झाइम न बनवता नुसती साखर उचलणारे जिवाणू तिथं टपलेलेच असतात. खर्च नाही म्हणून ते वाढतातही जोमानं. म्हणून कमावत्यांनी युक्त्या काढल्या. तुमच्या क्लॉस्ट्रिडियमनं सगळं अंगावर बाळगलं ते काही कामाच्या सोयीपुरतंच नसावं, साखर आपल्याजवळच सुटावी हाही फायदा त्यात आहे. आपल्या आतड्यातले बॅक्टेरॉइड्स तर त्याहून पक्के. मोठा तुकडा बाहेर जेमतेम तोडतात, घाईनं आत ओढतात आणि बारीक काम पडद्याआड करतात. शेजाऱ्याला कण मिळू देत नाहीत. म्हणजे जिवाणूंच्या जगातही पेंढा कोण फोडतो आणि साखर कोण खातो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझी सगळी शंका त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे. बाटली, पिंप, बशी, सांगाडा, हे सगळं पहिल्याचं उत्तर आहे.

उत्साही : तिथं मी तुमच्याही पुढं जाते. मातीत पंगत सगळ्यांची होते म्हणून तर माती तयार होते. एकानं सोडलेली साखर दुसऱ्यानं खाल्ली, त्याचा चिकट स्राव मातीच्या कणांना धरून बसला, तो गांडुळानं खाल्ला, मुळाला त्यातून नत्र मिळालं. फुकट्यांशिवाय हे झालंच नसतं. ती पंगत बंद पाडायची असेल तर पोलादी टाकी लागते. पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ ला सुरू झाला. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राजचं. खर्च ९०० कोटींच्या वर, वर्षाला २ लाख टन पेंढा, दिवसाला १ लाख लिटर इथेनॉल. तिथंही काम एन्झाइमचंच, पण जिवाणू नाही, माती नाही, फुकटा नाही. सगळी साखर एकाच मालकाची. आपल्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्रानंही पेंढ्यापासून इथेनॉलचं तंत्र बसवलं आणि २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टनांचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. मी त्या टाक्यांच्या विरोधात नाही. पण डहाणूचा पेंढा तिकडं जावा असं मला वाटत नाही.

शंकेखोर : का नाही वाटत? माणसाला गठ्ठ्याचे रोख पैसे मिळतात. मातीच्या पंगतीचा पैसा मिळतो कधी? तिसऱ्या-चौथ्या वर्षी, तोही मिळाला तर. तुम्ही शहरातून येऊन आम्हाला सांगता की पेंढा विकू नका, जाळू नका, कुजवा. कुजवायला ओल हवी, उलथापालथ हवी, म्हणजे डिसेंबर ते मे माणूस घरी हवा. त्या दिवसांत तलासरी-डहाणूतली किती घरं कुलूपबंद असतात ते बघितलंय? भात झोडलं की माणसं वसई-भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात, नाहीतर उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. पिंप रोज ढवळणार कोण? जिच्या खांद्यावर घागर आणि काखेत पोर आहे ती म्हातारी? राबाला मेहनत लागतेच, कवळ तोडणं सोपं नाही. पण ते काम आठ-दहा दिवसांत उरकता येतं, होळीला घरी आलेल्या माणसालाही जमतं. आगीला रोज पाणी शिंपावं लागत नाही. आणि धुराचंच म्हणाल तर १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली, पुढं न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. सगळं खरं. त्याच तालुक्यात १९९५ पासून ५०० मेगावॅटचं वीजकेंद्र कोळसा जाळतंय. तिथं दगड झालेली झाडं जळतात ती चालतात, आणि आमच्या ऐनाच्या फांद्या तेवढ्या डोळ्यांवर येतात.

उत्साही : कोळशावर मी गप्पच बसते, त्याचं समर्थन माझ्याकडं नाही. पण मजुरीचा प्रश्न धरून एक उदाहरण देते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळेंनी सगुणा राइस तंत्र बसवलं. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, राब तर नाहीच. बी थेट टोकायचं. कापणीनंतर खोडकं उपटायची नाहीत, मुळं जमिनीत तशीच ठेवायची. तिथं पिंप नाही, ढवळणं नाही. मुळं ज्या मातीत वाढली तिथंच ती कुजतात, पाऊस पडला की कुजतात, आणि त्यांनी पाडलेली भोकं हवेला, पाण्याला मोकळी राहतात. तुम्ही विचारलंत ढवळणार कोण. तिथं ढवळायचंच नाही. पेंढा विकायचा तर विका, मुळं तर कोणी मुंबईला नेत नाही.

शंकेखोर : आणि तण? चिखलणी गेली, आग गेली, मग तण कोण मारतं? तणनाशक. खोडकं मारायलाही तेच. त्या तंत्रात मजुरी वाचते हे मी नाकारत नाही, पोरीबाळींची वाकून वाकून लावणी सुटते, हेही लहान नाही. पण मी पहिल्याच फेरीत तुम्हाला विचारलं होतं की तणाचं बी मारणारा जिवाणू आहे का. तुम्ही पोट दाखवलंत, पिंप दाखवलंत, टाकी दाखवलीत आणि शेवटी उत्तर आलं ते रसायनाच्या बाटलीतून. आगीचं काम जिवाणूंनी घेतलंच नाही. कुजवण्याचा भाग त्यांनी घेतला, मारण्याचा भाग दुकानातून आला, त्याला दरवर्षी रोख पैसे पडतात. कवळाला पैसे पडत नव्हते.

उत्साही : कवळाला झाड पडत होतं.

शंकेखोर : फांदी पडत होती. ऐन पुन्हा फुटतो. दर दोन-तीन वर्षांनी आलटून-पालटून तोडणाऱ्याच्या बांधावरचे ऐन अजून उभे आहेत, मी दाखवतो तुम्हाला. पण हेही कबूल करतो की माणसं वाढली, जंगल मागं हटलं, वनहक्काचे दावे मिळता-मिळता राहिले आणि तोडायला ऐनच पुरत नाही अशी गावं झाली आहेत. तिथं राब आता वाळकं गवत आणि कचरा यांचाच होतो, आणि तसल्या राबाची बाजू मी मांडणार नाही.

उत्साही : मग आपण भांडतोय ते नेमकं कशावर, ते तरी ठरवू. जिवाणू पेंढा फोडतात यावर नाही. कमी वेळात फोडू शकतात यावरही नाही, म्हशीनं ते सिद्धच केलंय. ओल आणि नत्र दिलं तर खाचरातही काम होतं, चारसूत्रीत ते बसतं. मला आता वाटतं, मी प्रश्न चुकीच्या टोकानं धरला होता. मी विचारत होते की आगीच्या जागी जिवाणू बसवता येतील का. विचारायला हवं ते हे, की एका घराकडं जो काही पालापेंढा आहे त्यातला कोणता कुठं फुटावा. पेंढा म्हशीच्या पोटात, शेण खड्ड्यात, गिरिपुष्पाचा पाला खाचरात, मुळं जागच्या जागी. आणि रोपाच्या वाफ्यापुरता...

शंकेखोर : म्हणा, म्हणा. आग.

उत्साही : आग म्हणवत नाही अजून. तुसाची राख म्हणते. गिरणीत तूस कुठं तरी जळतंच.

शंकेखोर : राखेतून सिलिका मिळेल, थोडं पालाशही मिळेल, धग मिळणार नाही. तणाचं मी पुन्हा विचारेन. पण तुमची वाटणी मला पटायला लागली आहे, फक्त त्यात म्हैस गृहीत धरलीत. ज्याच्या दारात जनावर नाही, तीस गुंठे जमीन आहे आणि नवरा-बायको दोघं भट्टीवर आहेत, त्याच्या पेंढ्याला तुमच्या यादीत जागा कुठली? त्याला आज तीनच वाटा आहेत. व्यापाऱ्याला द्यायचा, जाळायचा किंवा शेजाऱ्याच्या गोठ्याला द्यायचा. शेजाऱ्याला दिला तर त्या बदल्यात शेणाच्या किती पाट्या परत यायच्या, हे ज्या पाड्यावर ठरलेलं आहे तिथं तुमचे जिवाणू बिनबोभाट काम करतील. जिथं ठरलेलं नाही तिथं बाटली देऊन काय होणार?

उत्साही : पाट्यांचा हिशेब मला येत नाही. पेंढ्यातून नत्र किती गेलं आणि शेणातून किती परत आलं, एवढं मात्र मी तोलून देऊ शकते.

शंकेखोर : द्या. पाट्या मी मोजतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर जास्त कोणाचं जातंय ते तरी कळेल.